तुझ्या घरी कोण राहतं

मुसफ्फा, अबू धाबी
९ ऑक्टोबर २०२५

बाय,

तुझं पत्र काल कंपनीच्या पी. ओ. बॉक्समधून आलं. नऊ वर्षांत तुझ्या हातचा कागद आला नव्हता, तरी पाकिटावरचं अक्षर लांबूनच ओळखलं. सिस्टर फिलोमेनांनी गिरवून घेतलेलं तिरकं वळण तुझं अजून तसंच आहे. माझं ऑफिसात बसून बसून सरळ झालं.

आत चार ओळी. तब्येतीची चौकशीसुद्धा नाही. "तुझ्या मुलाचे कागद काउन्सिलला हवे आहेत. तो फोनवर टाळतो. भाडं थकलंय. २७ नोव्हेंबरला कोर्टाची तारीख आहे, घर जाईल." खाली सही. 'तुझ्या मुलाचे' असं लिहिलंस तू. नंदाखालच्या चर्चमध्ये डीनच्या बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेऊन उभी होतीस ती तू, मी नव्हे.

सोबतच्या प्रती मी दोनदा वाचल्या. तुला वाटतंय काउन्सिलने, तुमच्या तिकडच्या म्युनिसिपालिटीने, तुझ्यावर डूख धरलाय. तसं काही नाही. गेली तेवीस वर्षं मीही हेच काम करते. कंपनीत कोणाला फॅमिलीचा घरभत्ता आणि कोणाला कामगारांच्या कॅम्पमध्ये एक बेड, हे माझ्या टेबलावर ठरतं. म्हणून तुझ्या कागदांची भाषा मला लगेच कळली. तुला समजावून सांगते.

तुझं पेन्शन थोडं, म्हणून भाड्याचा मोठा भाग काउन्सिल हाउसिंग बेनिफिट म्हणून भरते आणि काउन्सिल टॅक्सही बराचसा माफ करते. पण घरात दुसरा मोठा, कमावता माणूस राहत असेल, तर तो भाड्याला हातभार लावतो असं ते गृहीत धरतात. खरोखर लावतो का, हे बघत नाहीत. त्याच्या पगाराप्रमाणे एक आकडा ठरलेला असतो, तेवढा तुझ्या बेनिफिटमधून वजा होतो. डीनचा पगार चांगला आहे, म्हणून आकडा सगळ्यात वरचा. आठवड्याला सव्वाशे पौंडांच्या आसपास. म्हणजे सहाशे दिरहम, आपले चौदा-साडेचौदा हजार रुपये. आठवड्याला! शिवाय एकटीने राहणाऱ्याला टॅक्समध्ये पाव हिस्सा सूट असते, तीही गेली.

डीन गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तुझ्याकडे राहायला आला. तू पेन्शनीत निघालेली, म्हणून नियमाने सहा महिने काही कापलं नाही. फेब्रुवारीपासून कापायला लागले. बाय, ते सहा महिने कशासाठी दिलेले असतात? घरातल्या म्हाताऱ्या माणसाने आणि नव्याने आलेल्याने बसून बोलावं, म्हणून. तुम्ही दोघांनी काय केलं? तू त्याला खाऊ घातलंस. आणि फॉर्ममध्ये 'तो तुम्हाला आठवड्याला किती देतो' या चौकोनात आकड्याऐवजी लिहिलंस, 'ही इज माय सिस्टर्स सन.'

मी ऑफिसात मोठ्याने हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. पप्पांच्या बहिणीचा मुलगा कॉलेजसाठी आपल्याकडे आला आणि सात वर्षं राहिला. त्याच्याकडे आईने कधी काही मागितलं असतं, तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तुला तरी दुसरं काय सुचणार?

डीन फेब्रुवारीपासून कंपनीच्या कामासाठी ॲबर्डीनला आहे, हे तुला माहीतच आहे. मलाही तो रविवारी फोन करतो. मी त्याच्याशी बोलते. तोवर थकलेल्या भाड्याचे पैसे मी या आठवड्यात तुझ्या खात्यात पाठवते आहे. घर जाणार नाही.

नोरा

मुसफ्फा
२३ ऑक्टोबर

बाय,

पैसे परत आले. बँकेतल्या मुलीने सांगितलं, "मॅडम, समोरच्या पार्टीने नाकारले." आणि आज तुझं पत्र. "तुझ्या घरचा एक पैसा नको. डीनने दोनदा पाठवले, तेही मी परत केले. मला फक्त खरं काय ते हवं. तो इथे राहत नसेल तर तसं मी लिहून देते. त्याचा तिकडचा पत्ता आणि तिकडच्या भाड्याचा कागद पाठव."

म्हणजे तो तक्ता तू अजून विसरली नाहीस. आई गेल्यावर महिन्याच्या आत मी तुला पाठवला होता. हॉस्पिटल, नर्स, औषधं, कोण किती दिवस वसईत होतं आणि त्याप्रमाणे कोणाचा किती वाटा. एक्सेलमध्ये, रकान्यांत रंग भरून. माझं डोकं असंच चालतं, बाय. नीट मांडलं म्हणजे भांडण होणार नाही, असं मला खरंच वाटलं होतं. तू तुझा वाटा शेवटच्या रुपयापर्यंत भरलास आणि लिहिलंस, "हिशेब पुरा. आता पत्र नको."

पण घर जायची वेळ आल्यावर हा मान कशाला? घे पैसे आणि गप्प बस की. आणि पत्त्याचं काय एवढं? तो फेब्रुवारीत गेला, एवढं लिहून दे. पुरावा मागतात म्हणतेस. त्याची खोली तू अजून तशीच ठेवली आहेस, त्याची पत्रं तुझ्या दारात पडतात, हे तूच त्यांना सांगितलंस. मग तो कामासाठी बाहेर आहे आणि परत येणार, असंच ते समजणार. तू त्याला खोली दिलीस तेव्हाच मी डीनच्या पप्पांच्या, सेबॅस्टियनच्या फोटोसमोर म्हटलं होतं, सँड्राला मूल नाही ना, ती आता आपलं घेणार.

हे लिहायला नको होतं. पण लिहिलं. शाईने लिहिलेलं खोडायचं नाही, ही आपल्याला शाळेतली सवय.

आज ऑफिसात मुनीर आला होता. रत्नागिरीचा, आमच्याकडे वेल्डिंगचा फोरमन. त्याची बायको सुमैय्या आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून गावी गेली, तिला आज एकशे सात दिवस झाले. आमचा नियम नव्वदचा. बायको नव्वद दिवसांहून जास्त देशाबाहेर असली, की फॅमिलीचा घरभत्ता बंद. मी बंद केला.

"मॅडम, ती आईकडे गेलीय," मुनीर म्हणाला. "घर मोडून नाही गेली. तिची भांडी इथे, पडदे इथे, फिझाची शाळा इथे."

"मुनीर, पासपोर्टवरचा स्टॅम्प काय म्हणतो?"

"स्टॅम्पला काय अक्कल? तो म्हणतो आत, नाहीतर बाहेर. खलास."

"मग मी तरी वेगळं काय म्हणू?"

"तुमच्याकडे स्टॅम्प नाही मॅडम, पेन आहे," तो म्हणाला आणि खुर्ची आत सरकवून गेला. दारातून परत वळून, "फिझा विचारत होती, ती मॅडम ख्रिसमसला केक देते ती हीच का. मी हो म्हटलं. इन्शाल्ला यंदाही देईल."

असे टोमणे मी तेवीस वर्षं ऐकते. आज मात्र जेवणाचा डबा उघडवेना.

डीनला पुन्हा विचारते. परवा त्याचं पोट बिघडलं होतं, दोन दिवस नुसती पेज आणि लोणच्याची फोड घातली. घातली म्हणजे, पेज कशी करायची ते फोनवर सांगितलं.

नोरा

मुसफ्फा
२ नोव्हेंबर

बाय,

आज ऑल सोल्स डे. सकाळी चर्चमध्ये आईच्या आणि पप्पांच्या नावाने मेणबत्त्या लावल्या. इथे आपलं थडगं नाही, त्यामुळे झेंडूची फुलं कुठे वाहायची हा प्रश्न दर वर्षी पडतो. मी ती वेदीपाशी ठेवून आले. आईच्या थडग्यावरची माती आपण दोघी हातांनी सारखी करायचो. तू डावीकडून, मी उजवीकडून. गेली नऊ वर्षं ते मावशीची सून एकटी करते.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. पंचवीस दिवस उरले.

पेजेबद्दल मी लिहिलं ते तू वाचलंसच. डीन ॲबर्डीनला नाही. तो कधीच तिथे गेला नाही. तो इथे आहे, माझ्या घरी, भिंतीपलीकडे. आत्ता कानाला हेडफोन लावून त्याच्या कंपनीच्या मीटिंगमध्ये बसला आहे आणि कंपनीला वाटतंय तो तुझ्या घरून काम करतो.

जानेवारीत माझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले पिशवी काढावी लागेल, गाठ कसली ते नंतर कळेल. मी डीनला फोन केला आणि फक्त एवढं म्हटलं, ये. तो नऊ फेब्रुवारीला आला. गाठ साधी निघाली, घाबरू नकोस. तुला काय सांगायचं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सँड्राला काही कळता कामा नये. माझ्यावर वेळ आली आणि मी तिच्या दारी आले, असं तिला वाटायला नको. ॲबर्डीन मीच सुचवलं. आमच्या एका इंजिनीअरचा भाऊ तिथे असतो, म्हणून नाव तोंडात होतं.

डीनला तिकडे कायमचं राहायला मिळायचं तर पाच वर्षं सलग लागतात, हे तुला माहीत आहे. पुढच्या नोव्हेंबरमध्ये ती पुरी होणार. पण कुठल्याही बारा महिन्यांत एकशे ऐंशी दिवसांहून जास्त बाहेर राहिलं, की मागचं सगळं तुटतं. ते एकशे ऐंशी दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपले. तो म्हणतो, अर्ज करेन तेव्हा बघू, प्रत्येक तिकीट कोण मोजतंय. पण तू काउन्सिलला कागद दिलास की हा मुलगा फेब्रुवारीपासून अबू धाबीत राहतो, तर ते सरकारी दप्तरात लिहिलं जाईल. मग त्याची चार वर्षं गेली. कंपनीलाही कळेल. नोकरी राहील की नाही, कोणास ठाऊक.

खरं सांगितलं तर माझ्या मुलाचं जातं आणि नाही सांगितलं तर तुझं घर जातं. तुला पैसे घे म्हणून मी का मागे लागले होते, ते आता तुला कळेल.

अजून एक आहे, ते डीनलाही माहीत नाही. डॉक्टरांनी मला पंधरा एप्रिललाच सांगितलं होतं की सगळं ठीक आहे, आता यायची गरज नाही. तसा कागदही दिला. डीन खाली गाडीत बसला होता. मी खाली गेले आणि म्हटलं, डिसेंबरपर्यंत दर महिन्याला बोलावलंय. का म्हटलं ते विचारू नकोस. सेबॅस्टियन गेल्यापासून सहा वर्षं या घरात मी एकटीच्या पुरता भात लावते. फेब्रुवारीत पुन्हा मोठं पातेलं काढलं होतं. ते परत माळ्यावर टाकवेना. दर महिन्याला मी छत्री-पर्स घेऊन हॉस्पिटलला म्हणून निघायची आणि हॉस्पिटलसमोरच्या मॉलमध्ये दीड तास बसून यायची.

एप्रिलमध्ये त्याला जाऊ दिलं असतं, तर त्याचे पासष्ट-सत्तर दिवसच बाहेर मोजले असते.

बाय, तुझ्या पाया पडते, काउन्सिलला अजून काही सांगू नकोस. मला एक आठवडा दे. मी काहीतरी मार्ग काढते.

नोरा

मुसफ्फा
१४ नोव्हेंबर

बाय,

तुझं पत्र बुधवारी आलं.

तुला मार्चपासून माहीत होतं. "फेब्रुवारीत ॲबर्डीनला जाणारा मुलगा आपला जाड कोट दाराच्या मागे टांगून जात नाही," असं तू लिहिलंस. मी ते वाचून हसले. एवढी साधी गोष्ट! आम्हा दोघांना इथल्या उन्हात कोट सुचलाच नाही.

म्हणजे आठ महिने तू रोज तो कोट बघत होतीस. एक ओळ लिहून दिली असतीस की तो देशाबाहेर आहे, तर तुझं बेनिफिट परत सुरू झालं असतं. तू लिहिलं नाहीस. "त्याची पाच वर्षं पुरी होऊ देत. घर गेलं तर मला एक खोली मिळाली तरी पुरे. मी फक्त बघत होते, की तू आपणहून सांगतेस का." आणि मी तुला लिहिलं होतं की तू माझं मूल घेणार.

काल सकाळी मी डीनच्या व्हिजिट व्हिसाचे कागद काढायला फाइल उघडून बसले. व्हिसा दोनदा वाढवला, दोन्ही वेळा यजमान म्हणून माझी सही. तारखांसकट सगळं त्यात आहे. त्याच्या पासपोर्टला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. तो त्याचा आहे. हे कागद माझे आहेत. पण त्याच फाइलमध्ये एप्रिलचा कागदही होता, आणि मी चहा ठेवायला उठले तेवढ्यात तो आला आणि त्याच्या हाती लागला.

"ममा, व्हॉट इज धिस?"

मी गॅस बंद करून आले.

"नो फर्दर फॉलो-अप. फिफ्टीन्थ एप्रिल." त्याने ते मोठ्याने वाचलं. "मग मे? जून? मी तुला गाडीने सोडत होतो. दर महिन्याला."

"डीन, बस. मी सांगते."

"आय हॅड अ रिटर्न तिकीट, ममा! ट्वेंटिएथ एप्रिल. तूच कॅन्सल करायला लावलंस."

"मला भीती वाटत होती."

"कसली? यू वर फाइन!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "बरी झाले म्हणून तू जाणार होतास."

त्याने आवाज चढवला नाही. सेबॅस्टियनसारखा तो रागावला की आवाज खाली जातो. "फोर इयर्स, ममा," एवढंच म्हणाला. मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, कोटाची ओळसुद्धा. तो मराठी वाचत नाही, पण ऐकतो. आंटीला कोर्टाचं बोलावणं आलंय, हे तू त्याला सांगितलंच नव्हतंस. मीही लपवलं होतं. त्याला वाटत होतं, नुसता पगाराचा कागद हवाय. ऐकून झाल्यावर तो उठला, लॅपटॉप बॅगेत टाकला आणि दुबईला गेला. सिलिकॉन ओएसिसमध्ये त्याचा शाळेतला मित्र आहे, रुहान. पोचल्याचा मेसेज रुहानने केला, त्याने नाही.

मी दुपारी सरकारी कागद करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेले. मुनीर त्याचे कागद करायला तिथेच रांगेत होता.

"काय मॅडम," म्हणाला, "आज तुम्ही स्टॅम्प दाखवायला?"

"हो रे. माझ्या घरी कोण राहतं ते लिहून द्यायचंय."

त्याने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, काय दिसलं त्याला कोण जाणे, आणि रांगेतली आपली जागा मला दिली. "यल्ला, व्हा पुढे. माझं काय, सुमैय्या सोमवारी येतेय."

प्रतिज्ञापत्र इंग्रजीत केलं आहे. त्यात लिहिलंय, माझा मुलगा ९ फेब्रुवारीपासून माझ्याकडे राहतो. पहिले नऊ आठवडे माझ्या आजारपणासाठी. त्यापुढचे दिवस मी त्याला खोटं सांगून ठेवून घेतलं म्हणून. टाइप करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, हे दुसरं वाक्य नसलं तरी चालेल." मी म्हटलं, राहू दे. कोणीतरी त्याच्यावर ठपका ठेवायला बसेल तेव्हा त्या कागदावर माझं नाव असू दे.

पाकीट टेबलावर आहे. कुरिअरवाला शनिवार-रविवार घेत नाही. सोमवारी सकाळी देते. निर्णय जुना असला तरी तेरा महिन्यांच्या आत, उशीर का झाला ते सांगितलं, तर काउन्सिल तो मागच्या तारखेपासून बदलू शकते. मी नियम काढून वाचला. तू कोर्टात तेवढंच सांग.

नोरा

मुसफ्फा
१९ नोव्हेंबर

बाय,

पाकीट कुरिअरला दिलं नाही. का ते सांगते.

सोमवारी सकाळी मी चपला घालत होते आणि डीन दारात. चार दिवसांची दाढी. टेबलावरचं पाकीट बघितलं, विचारलं, "हे ते?" मी हो म्हटलं. उघडून उभ्या उभ्या वाचलं. त्या दुसऱ्या वाक्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"यू रोट दॅट?"

"हो."

"तुझ्या एचआरच्या बाईने वाचलं असेल हे. अटेस्टेशनला, सहीशिक्का मारताना."

"वाचलं तर वाचलं."

त्याने कागद परत पाकिटात घातले आणि पाकीट आपल्या बॅगेत. "कुरिअर नको. मी जातोय. तिकीट काढलंय."

मी त्याला विचारलं नाही की तो हे देणार आहे का. प्रत माझ्याकडे नाही, मूळचं तेवढं एकच. कंपनीत मी कोणाचाही कागद प्रत काढल्याशिवाय हातातून सोडत नाही. हा सोडला. आज सकाळी विमानतळावर त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "पाणी पीत जा." बस.

तो आज संध्याकाळी तिकडे उतरेल. तुझ्याकडे येईल की नाही, माहीत नाही. त्याने तो कागद कचऱ्यात टाकला, तरी मी त्याला दोष देणार नाही. मग मी दुसरा करून पाठवेन, पण तो २७च्या आत पोचेल असं सांगता येत नाही. आठ दिवस आहेत. दाराची घंटा वाजली तर उघड, बाय.

नोरा

मुसफ्फा
२८ नोव्हेंबर

बाय,

काल तुझा फोन आला तेव्हा मी पगाराच्या शीट्स तपासत होते. अनोळखी नंबर, म्हणून आधी कापला. पुन्हा वाजला.

"नोरे," तू म्हणालीस. मला नोरे म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं.

नंतरचं मी नीट ऐकलंच नाही, म्हणून आता लिहून काढते, चुकलं असेल तर सांग. डीन कोर्टात तुझ्या शेजारी उभा राहिला. तुझ्या वकीलबाईने कागद पुढे केला, तर त्याने स्वतःचा पासपोर्टही काढून ठेवला. न्यायाधीशांनी तारीख आठ आठवड्यांनी पुढे ढकलली, तोवर काउन्सिलने फेब्रुवारीपासूनचं सगळं पुन्हा मांडायचं. काउन्सिलची मुलगी बाहेर येऊन तुला म्हणाली, बहुतेक सगळं परत मिळेल. घर राहिलं.

कंपनीला डीनने त्याच आठवड्यात आपणहून सांगितलं. लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पाच वर्षं मात्र आता परत आल्याच्या दिवसापासून मोजायची. पहिल्या दिवसापासून. हे तू हळू आवाजात सांगितलंस, तो जवळ होता म्हणून.

"राहा म्हटलं मी त्याला," तू सांगत होतीस. "खोली तयार आहे म्हटलं. तर म्हणतो, नो आंटी, आय विल बी काउंटेड. स्टेशनजवळ चौघांत एक खोली घेतलीय. रविवारी जेवायला येतो म्हणाला."

"माझ्याशी बोलेल का?"

"आज नाही," तू म्हणालीस. "तो कोट घालतोय."

मग मागून गाडीचा आवाज आला, तू म्हणालीस, बस आली, आणि फोन बंद झाला. मी पाच मिनिटं तसाच कानाला धरून बसले होते. समोर मुनीरची शीट होती. त्याच्यासाठी मी मॅनेजरला नोट लिहिली आहे, की आजारपणासाठी गेलेल्या बायकांचे नव्वदचे एकशे वीस दिवस करा. होईल की नाही, माहीत नाही. आमचे मॅनेजर असल्या नोटा वाचत नाहीत.

बाय, तुला एक विचारायचं होतं, ते बस आल्याने राहिलं. जानेवारीत मला तीन आठवडे रजा आहे. मी तुमचा नियम पुन्हा वाचला. ज्याचं स्वतःचं घर दुसरीकडे आहे आणि जो थोड्या दिवसांसाठी आलेला असतो, तो घरात राहतो असं धरत नाहीत. पाहुण्यांना मोजत नाहीत. परतीचं तिकीट काढूनच येईन, म्हणजे तुला कोणाला काही सांगावं लागणार नाही. झोपायला कुठेही चालेल. डीनला भेटायला म्हणून नव्हे. तो भेटेल तेव्हा भेटेल.

तिकीट मी अजून काढलेलं नाही. तू ये म्हणालीस की काढते.

नोरा